विषयांतर

सोमवार, ९ जानेवारी

डायरी पुन्हा सुरू करते आहे. आज नव्या तुकडीला सांगितलं की काम झाल्यावर रोज चार ओळी लिहीत जा, आपण कुणाशी काय बोललो ते कागदावर नीट दिसतं. तुकडीत एक जण प्रत्येक गोष्टीवर हरकत घेतो, बाकीचे त्याला वकील म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहिता?" मी म्हटलं, "लिहिते." ते खोटं होतं. म्हणून आज लिहिते आहे.

पाच जण आहेत. दोन वर्षं शिकून शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून जातील. शेवटचं सत्र माझं, विषय सल्लामसलत. मूल दिवसाचे पाच तास शिक्षिकेसमोर असतं, आपल्यासमोर आठवड्यातून जेमतेम पाऊण तास. म्हणून मुलाला थेट बरं करायला जायचं नाही. शिक्षिकेशी बोलायचं, ऐकायचं, असे प्रश्न विचारायचे की काय करायचं ते तिचं तिलाच सुचेल. ऐकायला सोपं वाटतं. माणसाच्या अंगात सल्ला देण्याची जी खाज असते ती जिरवायला माझं अख्खं सत्र जातं.

आज खोटीखोटी भेट करून घेतली. एक शिक्षिका झाली, समोर वकील. त्याने पहिल्या दोन मिनिटांत तीन सल्ले दिले आणि एक पुस्तकही सुचवलं. मग एका मुलीला बसवलं. काडीसारखी, कानामागे कायम पेन्सिल. मनात तिचं नाव पेन्सिलच पडलं. ही बया काही बोलेचना. शेवटी शिक्षिका झालेली मुलगीच ओरडली, "अगं, काहीतरी विचार ना!" सगळा वर्ग हसला. पेन्सिलही हसली, पण प्रश्न काही विचारला नाही.

हिचं कठीण आहे.

घरी येताना दूध आणायचं राहिलं. परवाही राहिलं होतं.

गुरुवार, १२ जानेवारी

पाच जणांना शाळा वाटून दिल्या. पेन्सिलला नदीपलीकडची तीन मजली शाळा. चौथीत एक मुलगी आहे, दोन महिन्यांपासून वर्गात अवाक्षर बोलत नाही. घरी बोलते, खेळताना बोलते, वर्गात तोंडाला कुलूप. वर्गशिक्षिका पन्नाशीच्या आतबाहेर, एकट्या राहतात, मुख्याध्यापिकांच्या मते "एकदम सरळ बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात." दर मंगळवारी भेट, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग. ते मी ऐकायचं आणि तक्त्यावर गुण द्यायचे. तक्ता माझाच, आठ वर्षांपूर्वी केलेला. बारा मुद्दे. मोकळे प्रश्न किती, सारांश सांगितला का, बोलणं मुलाकडे परत आणलं का.

मंगळवार, १७ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. बाईंचा आवाज बारीक, वाक्य अर्ध्यात सोडायची सवय. पेन्सिलने चाळीस मिनिटांत सहा प्रश्न विचारले. बाकीच्यांची सरासरी बावीस.

रविवार, २२ जानेवारी

आज तक्ते तपासायचे होते. खुर्चीत बसले, मग एकदम दिवा लावायची वेळ झाली. मध्ये काय केलं, आठवत नाही. नवऱ्याच्या कपाटाला अजून हात लावलेला नाही. तो जाऊन चौदा महिने झाले. लोक म्हणतात वर्षभरात माणूस सावरतो. मी सावरलेच आहे. एकही तास बुडवलेला नाही.

मंगळवार, २४ जानेवारी

दुसरं रेकॉर्डिंग. एक तुकडा उतरवून ठेवते, उद्या वर्गात उदाहरण म्हणून वापरायचा आहे.

बाई : ती बोलत नाही. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभी राहते. मी पण राहते तिथेच. तिसऱ्या मजल्यावरून सगळं किती लहान दिसतं, नाही?

(पेन्सिल गप्प. सतरा सेकंद, मी मोजले.)

बाई : शाळा असते तोवर बरं असतं. रविवार कुठे जातो तेच कळत नाही. उठते, बसते आणि अंधार पडलेला असतो.

पेन्सिल : अंधार पडलेला असतो.

बाई : हो.

(पुन्हा गप्प.)

मी तक्त्यावर लिहिलं : "विषयांतर. शिक्षिका स्वतःबद्दल बोलू लागली की हळूच मुलीकडे परत आणणे. शांततेचा अतिरेक (सतरा सेकंद). पाचपैकी दोन." लाल पेन संपलं होतं, निळ्याने लिहिलं.

मंगळवार, ३१ जानेवारी

तिसरं रेकॉर्डिंग आणखी वाईट. मुलीबद्दल सगळी मिळून चार वाक्यं. बाकी बाईंचं. जेवण जात नाही, फळ्यावर लिहिताना हात थांबतो, मुलांनी हाक मारलेली दोनदा ऐकू येत नाही. मध्ये रडल्याही असाव्यात, नाक ओढल्याचा आवाज आहे.

पेन्सिलला खोलीत बोलावलं.

"तुझं काम कुणासाठी आहे?"

"मुलीसाठी."

"मग मुलगी कुठे आहे यात?"

तिने पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. "मॅडम, मला मुलीपेक्षा बाईंचीच काळजी वाटते."

"शिक्षिका आपल्या पेशंट नाहीत. हे मी पहिल्या दिवशी सांगितलंय. एकदा त्या दारातून आत गेलीस की बाहेर पडता येत नाही, आणि मूल राहतं बाजूला."

"पण त्यांनी दुसरं कुणाला सांगितलं नसेल तर?"

"तर मुख्याध्यापिका आहेत, डॉक्टर आहेत. तुझं ते काम नाही. पुढच्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत मुलीवर यायचं. आणि एक ठोस योजना."

तिने लिहून घेतलं. उठताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी तिला वेळ संपल्याचं सांगितलं. खरं तर अजून दहा मिनिटं होती.

गुरुवार, २ फेब्रुवारी

वर्गात वकिलाने हरकत घेतली. "मॅडम, शिक्षिका पेशंट नाही हे मान्य. पण ती माणूस तर आहे ना?" सगळे हसले. मीही हसले. मग फळ्यावर बारा मुद्दे पुन्हा लिहिले. लिहिताना हात मध्येच थांबला, सातवा मुद्दा आठवेना. पोरांनी आठवण करून दिली.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

शेवटी जमलं! चौथं रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्यांदा बरं वाटलं. पेन्सिलने सांगितल्याप्रमाणे सरळ मुलीवरून सुरुवात केली आणि बाईंचा आवाज किती मोकळा. हसल्यासुद्धा. "आता सगळं ठरवून टाकलंय, त्यामुळे हलकं वाटतंय," असं स्वतःहून म्हणाल्या. मुलीसाठी काय काय करायचं ते मुद्देसूद सांगितलं, पुढच्या बाईंना उपयोगी पडेल अशी सगळ्या मुलांची यादीही करून ठेवली आहे. कुणाला चष्मा लागतो, कुणाला पुढे बसवायचं, कुणाचा वाढदिवस कधी. इतकी तयारी करणारी शिक्षिका मी फार वर्षांत पाहिली नव्हती. तक्त्यावर लिहिलं : "शिक्षिकेत स्पष्ट सुधारणा. पाचपैकी चार."

दुपारी पेन्सिल आली, हातात लाकडी पेटी. रंगीत खडूंची, चांगली जुनी. "बाईंनी दिली. म्हणाल्या, तुझ्याकडे राहू दे. मी नको म्हटलं तर हातात कोंबली. मॅडम, मला भीती वाटतेय."

"कसली भीती?"

"माहीत नाही. त्या फार छान बोलल्या."

मी म्हटलं, छान बोलल्या म्हणून भीती वाटणारी तूच पहिली. भेटवस्तू घ्यायची नाही हा नियम आहे. उद्या जाऊन परत करून ये.

बुधवार, ८ फेब्रुवारी

बाई जिवंत आहेत. आधी हे लिहून टाकते.

पेन्सिल सकाळी पेटी घेऊन शाळेत गेली. बाई आल्या नव्हत्या. अठरा वर्षांत न कळवता घेतलेली पहिली रजा. फोन उचलेनात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरचा पत्ता असा कुणालाही देता येत नाही. हिने कारकुनाकडून काढून घेतला. काय सांगितलं त्याला, देव जाणे. रिक्षाने गेली, शेजाऱ्यांना गोळा केलं, दार उघडवलं. हॉस्पिटलात पोचायला अजून तासभर उशीर झाला असता तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

मला तिचे सात फोन आले होते. मी वर्गात होते, फोन बंद. भेटीचा समारोप कसा करावा हे शिकवत होते.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

चारही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले, का ते माहीत नाही.

ती बाई पहिल्या दिवसापासून सांगत होती. प्रत्येक वाक्यात सांगत होती. लहान पोराला कळलं असतं. सोळा वर्षं मी लोकांना ऐकायला शिकवते, आणि ती सांगत असताना मी घड्याळात सेकंद मोजत बसले. "हलकं वाटतंय" याला मी चार गुण दिले. माझ्याच अक्षरात आहे, निळ्या शाईत.

का ऐकू आलं नाही? बहिरी नव्हते. शब्द न शब्द ऐकला, उतरवून घेतला. तिचा तो रविवार ऐकताना मला एवढंच वाटलं होतं, यात सांगण्यासारखं काय आहे, सगळ्यांचेच रविवार असे जातात.

शनिवार, ११ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले. रखवालदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय. मला नातं सांगता येईना. परत आले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी बोलावलं. शाळेची लेखी तक्रार आली आहे. विद्यार्थिनीने नोंदवहीतून खाजगी पत्ता काढला, परवानगीशिवाय शिक्षिकेच्या घरी गेली, शेजाऱ्यांसमोर तिची अब्रू काढली. गुरुवारी समिती बसणार. पेन्सिलचं शेवटचं वर्ष रद्द होऊ शकतं.

"तिने जीव वाचवलाय," मी म्हटलं.

"मला कळतं हो मॅडम. पण शाळाच आपले विद्यार्थी घेईनाशा झाल्या तर आपण शिकवायचं कुठे?" त्यांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "सोपा मार्ग सांगतो. तुम्ही तिला पाठवलंत ना बुधवारी?"

"पेटी परत करायला."

"पेटीचं कशाला काढता? मार्गदर्शक या नात्याने तुम्हाला धोका जाणवला, तुम्ही पाठवलंत, एवढं लिहा. विषय संपला. पोरगी सुटली, तुम्ही सुटलात, उलट कौतुक होईल. ते तक्ते फक्त फाइलमध्ये नकोत."

"तक्ते फाडू?"

"मी असं म्हटलं का? सापडत नाहीत, एवढंच."

घरी येऊन दोन्ही निवेदनं लिहिली. खोटं अर्ध्या पानात बसलं, सुबक, अगदी पटण्यासारखं. खरं लिहिताना कागदामागून कागद चुरगाळला. खोटं दिलं तर पोरीचं वर्ष नक्की वाचतं. खरं दिलं तर कदाचित दोघीही जातो. हे असं समोर ठेवलं की उत्तर सोपं असायला हवं. नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

पेन्सिल आली. वाटलं, उद्यासाठी घाबरून आली असेल. तर ही सांगायला आली की चौथीतली मुलगी बोलली.

समितीचं ठरेपर्यंत शाळेत जायला हिला मनाई आहे, म्हणून फाटकाबाहेर उभी होती. सुट्टी झाल्यावर ती मुलगी आपणहून आली आणि म्हणाली, "बाई कधी येणार?" हिने सांगितलं, बाई आजारी आहेत, डॉक्टर बघतायत, कधी येतील ते नक्की माहीत नाही. मग मुलगी म्हणाली, "मी आवाज केला नाही तरी बाई रडायच्या."

पेन्सिलने विचारलं, म्हणजे? मुलगी म्हणाली, बाई खिडकीशी जाऊन रडतात हे तिने एकदा पाहिलं. तिला वाटलं, वर्गात गोंगाट होतो म्हणून. तेव्हापासून ती बोलायची थांबली. आणि सुट्टीत बाईंजवळ जाऊन उभी राहायची, बाई एकट्या नकोत म्हणून.

नऊ वर्षांची मुलगी. तिला काय झालंय हे शोधायला आम्ही गेलो होतो. बाईंचं बोलणं थांबवून मुलीकडे वळव, असं मी दर आठवड्याला लिहीत होते.

"मॅडम, रडू नका," पेन्सिल म्हणाली. मग लगेच म्हणाली, "म्हणजे, रडा."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे ग्लास झाकलेले. विभागप्रमुख माझ्याकडे बघून मान हलवत होते, लिहिल्याप्रमाणे वाचा, अशी.

मी खरं वाचलं. "मी तिला पेटी परत करायला पाठवलं होतं. माणूस बघायला नाही. माणूस बघायला ती आपली आपण गेली. त्याआधी दोनदा तिने मला सावध केलं आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं. हे चार तक्ते. अक्षर माझं आहे."

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी तक्ते हातात घेतले. दुसरा वाचताना चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "सतरा सेकंद तुम्ही खरंच मोजलेत?"

"हो."

मग पेन्सिलला आत घेतलं. वकील बाहेर बाकावर बसून होता, हातात नियमावली, पानोपानी खुणा केलेल्या. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावतील म्हणून चार तास बसला.

सोमवार, २० फेब्रुवारी

निकाल. पेन्सिलला लेखी समज, वर्ष कायम. माझ्याकडून हा विषय काढून घेतला, चौकशी संपेपर्यंत घरी. योग्य आहे. मी समितीत असते तर हेच केलं असतं.

खोलीतली पुस्तकं दोन खोक्यांत मावली. उद्यापासून सकाळी कुठे जायचं नाही. आता सगळेच रविवार.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

बाई हॉस्पिटलातून भावाकडे गेल्या, असं पेन्सिलने फोनवर सांगितलं. ती भेटून आली. बाई म्हणाल्या, मुलांना सांग सर्दी झालीय. ही म्हणाली, खोटं नाही सांगणार, आजारी आहात असं सांगितलंय. त्यावर बाई म्हणाल्या, "ते खरंच आहे." त्यांना औषधं चालू आहेत. राग आहे, हिच्यावरही आहे. तरी पुन्हा ये म्हणाल्या.

मी पत्र लिहिलं होतं बाईंना. पाठवलं नाही. माझी माफी ऐकून घ्यायचं काम त्यांच्या गळ्यात कशाला.

कपाटं आवरायला घेतली. कागदपत्रं एका जागी लावली, विम्याची, घराची. बँकेच्या पासबुकावर चिठ्ठी लावली. बहिणीला शोधावं लागू नये. आवरून झाल्यावर बरं वाटलं.

रविवार, २६ फेब्रुवारी

सकाळी दहाला बेल. दारात पेन्सिल.

मला वाटलं, शिफारसपत्र हवं असेल. म्हटलं, माझ्या शिफारशीला आता काय किंमत, तरी देते. म्हणाली, "काही काम नाही. सहज आले." सहज कुणी नदी ओलांडून येत नाही. बस म्हटलं. चहा करायला गेले तर दूध नव्हतं. कोरा चालेल म्हणाली.

ती खोलीभर बघत होती. टेबलावर लावलेले कागदांचे गठ्ठे, त्यांवरच्या चिठ्ठ्या. बराच वेळ बघितलं. मग कप खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही जेवता का? झोप लागते का?"

"दोन प्रश्न एकदम विचारू नयेत," मी म्हटलं.

"बरं. एकच विचारते." तिची नजर हलली नाही. "तुमच्या मनात मरायचा विचार येतो का?"

राग आला. कालची पोर, माझ्या घरात, माझ्या खुर्चीसमोर बसून! हा प्रश्न असाच विचारायचा असतो, आडवळण न घेता, शब्द न बदलता. मीच शेकडो जणांना शिकवलाय. मला आजवर कुणी विचारला नव्हता.

ती वाट बघत राहिली. मी सेकंद मोजले नाहीत.

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली. काही सांगितलं नाही, समजावलं नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली. मग मी बोलत राहिले. त्याचं आजारपण, शेवटचे दोन दिवस, त्याच्या उशीचा अभ्रा अजून धुतलेला नाही, हे सगळं. मध्ये एकदा तिने विचारलं, कधीपासून? एकदा विचारलं, काही ठरवलंय का? मी कागदांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "मला वाटलंच." चहा गार झाला होता. दुपारी बहिणीला फोन तिनेच लावला आणि माझ्या हातात दिला. बहीण येईपर्यंत ती हलली नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. बहीण आत येते म्हणाली, मी तिला बाहेर बसवलं. पेन्सिलही होती, तास बुडवून आली होती. तिला रागावले.

डॉक्टर तरुण आहेत. प्रश्न बरे विचारतात, जरा घाई करतात. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. विचारलं त्याची उत्तरं दिली, सगळी खरी. औषधं लिहून दिली. ती बहिणीच्या ताब्यात.

आजचा दिवस फार लांब होता. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. जाईन, असं इथे लिहून ठेवते.